कठड्याचा पाय

व्यापारी घरांत वास्तूच्या डागडुजीचा विचार बहुधा दिवाळीच्या तोंडावर होतो. भिंतींना रंग, गळक्या नळांची दुरुस्ती, जुन्या वायरिंगची तपासणी, दुकानाच्या शटरला ग्रीस अशी यादी तयार होते. या यादीत गॅलरीच्या किंवा गच्चीच्या कठड्याचे नाव आलेच, तर ते रंगाच्या रकान्यात येते. त्याला एक हात रंग दिला की त्याचे काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः घरातील ज्या मोजक्या गोष्टींवर माणूस निःशंकपणे आपला सगळा भार टाकतो, त्यांत जिन्याच्या पायरीनंतर कठड्याचाच क्रमांक लागतो. पायरी दिवसातून शंभर वेळा कसोटीला लागते. कठड्याची कसोटी मात्र वर्षातून एखाद्या वेळीच लागते, आणि ती वेळ सांगून येत नाही.

बाजारपेठेतील एका घराचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. खाली दुकान, वर राहते घर आणि रस्त्याच्या बाजूला अठरा फूट लांबीची गॅलरी, अशी सांगलीपासून जळगावपर्यंत कोणत्याही पेठेत दिसणारी ही रचना. मूळचा सागवानी कठडा काढून पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तेथे लोखंडी पाइपांचा कठडा बसविण्यात आला होता. पुढे शहाबादी फरशीवरच नव्या चकचकीत टाइल्स घालण्यात आल्या. एके दिवशी चादरी वाळत घालताना धाकट्या सूनबाईंच्या हाताखाली एक खांब किंचित हलला. त्यांनी ही गोष्ट सासऱ्यांच्या कानावर घातली.

“रंग तर मागच्याच वर्षी दिला आहे,” अण्णा म्हणाले.

“रंग वरून दिला आहे, अण्णा. खाली वाटीजवळ पाहा ना,” सूनबाई म्हणाल्या.

खांबाच्या बुडाशी शोभेसाठी बसविलेली पत्र्याची गोल वाटी वर सरकवली, तेव्हा आतील पाइपाचा निम्मा घेर गंजून पापुद्र्यासारखा सुटला होता. उरलेला निम्मा रंगानेच धरून ठेवला होता, असे म्हटले तरी चालेल. अठरा फुटांत सहा खांब होते, त्यांपैकी चारांची स्थिती हीच होती.

यात नवल काही नाही. लोखंडी कठडा मधल्या भागात सहसा कुजत नाही. तो कुजतो फरशीला जेथे टेकतो तेथे. पावसाचे आणि फरशी धुण्याचे पाणी खांबाच्या बुडाशी साचते, शोभेची वाटी ते पाणी वाळू देत नाही, आणि रंगाऱ्याचा ब्रश वाटीच्या आत कधी पोहोचत नाही. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. म्हणून खांबाभोवतीची टाइल आधी तडकते, तडकलेल्या फटीतून आणखी पाणी मुरते आणि पुढचे काम वेगाने होते. खांबाच्या मुळाशी टाइलला पडलेली बारीक चीर किंवा तिच्याभोवती उमटलेला तपकिरी डाग ही या रोगाची पहिली खूण होय. पांढऱ्या सिमेंटने ती चीर बुजवणे म्हणजे बुडीत खात्याचे नूतनीकरण करून ते चालू दाखविण्यासारखे आहे.

बुडाशीच सगळे का ठरते, हे साध्या हिशेबाने कळते. कठड्याच्या माथ्यावर, म्हणजे फरशीपासून सुमारे एक मीटर उंचीवर, कोणी ७५ किलोंचा रेटा दिला असे समजू. खांब येथे तरफेसारखे काम करतो. खालच्या तळपट्टीच्या बोल्टपासून पट्टीच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर अवघे दहा सेंटिमीटर असेल, तर त्या बोल्टांवर वर उपसणारा ताण दहापट, म्हणजे साडेसातशे किलोंचा येतो. वरचा पाइप कितीही जाड आणि लखलखीत असो, साडेसातशे किलो धरून ठेवण्याचे काम फरशीतले दोन बोल्ट करतात. आणि हे बोल्ट पुष्कळदा स्लॅबपर्यंत पोहोचलेलेच नसतात. टाइल आणि तिच्याखालचा मसाल्याचा थर मिळून दोन ते तीन इंच होतात. या पेठेतील घरासारखी फरशीवर फरशी घातली असेल, तर अधिकच. बाजारात सहज मिळणारा अडीच-तीन इंची बोल्ट तेवढ्यातच संपतो. तो मसाल्यात रुतलेला असतो, काँक्रीटमध्ये नव्हे. घट्ट आवळला की तो पक्का वाटतो, एवढेच.

रेटा ७५ किलोंचाच का धरायचा, याला आधार आहे. इमारतींवरील भारांविषयी भारतीय मानक ब्यूरोची आयएस ८७५ ही संहिता आहे. तिच्या १९८७ सालच्या दुसऱ्या भागात कठड्यांवरील आडव्या भाराचे कोष्टक दिलेले आहे. खासगी घरातील जिने आणि बाल्कनी यांच्या कठड्याला दर मीटर लांबीमागे सुमारे ३५ किलो, इतर ठिकाणच्या तसेच गच्चीवरच्या कठड्यांना सुमारे ७५ किलो, आणि जेथे लोकांची दाटी होते अशा जागी सुमारे २२५ किलो, अशी ढोबळमानाने ही प्रतवारी आहे. कोष्टकातील मूळ आकडे किलोन्यूटनमध्ये आहेत. व्यवहाराला ही बेरीज पुरे.

पेठेतील गॅलरीचा खरा प्रश्न येथे उभा राहतो. कागदोपत्री ती खासगी घराची बाल्कनी. वर्षातील तीनशे साठ दिवस तिथे चादरी वाळतात आणि संध्याकाळी एखादे वृद्ध जोडपे चहा घेत बसते. पण ज्या दिवशी रस्त्यावरून रथयात्रा निघते किंवा गणपतीची विसर्जन मिरवणूक जाते, त्या दिवशी त्याच अठरा फुटांत नातेवाईक, शेजारी, दुकानातील माणसे आणि त्यांची मुले मिळून पंचवीस-तीस जण दाटतात. मागच्यांना दिसत नाही म्हणून ते पुढे झुकतात आणि पुढच्यांचे पोट कठड्याला टेकते. तीन दिवसांसाठी ती गॅलरी सार्वजनिक सज्जा होते, आणि कोष्टकाच्या पहिल्या ओळीतून थेट तिसऱ्या ओळीत जाते. पेठेतील जुन्या घरांचे कठडे निवडताना हा विचार फारसा कोणी करीत नाही. या घरात तो झाला, याचे कारण एवढेच की पावसाळ्यानंतर तेथे लग्नकार्य होते आणि वरात पाहण्यासाठी पाहुणे गॅलरीतच उभे राहणार, हे सर्वांना ठाऊक होते.

अण्णांचा पहिला विचार असा, की लोखंडाची कटकटच नको. सरळ वीटकामाची भिंत घालून टाकावी. जुन्या पिढीचा विटेवर विश्वास असतो आणि तो अगदीच निराधार नाही. पण गॅलरीचा स्लॅब भिंतीतून पुढे काढलेला असतो आणि त्याच्या मोकळ्या टोकावर ठेवलेले ओझे सर्वांत महाग पडते. अर्ध्या विटेची, एक मीटर उंचीची भिंत गिलाव्यासह मीटरमागे सव्वादोनशे ते अडीचशे किलोंची होते. पोलादी कठडा तेवढ्याच लांबीत वीस-पंचवीस किलोंत आटोपतो. थोरल्या चिरंजीवांनी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावले. त्याने आधी कठड्याकडे पाहिलेच नाही. खालून, दुकानाच्या पायरीवर उभे राहून त्याने गॅलरीच्या पोटाकडे पाहिले, हातोडीने ठिकठिकाणी ठोकले आणि पोकळ आवाज येतो का ते ऐकले. गिलावा सुटून सळया उघड्या पडल्या असतील, तर नवा कठडा बसविणे म्हणजे मोडक्या संदुकीला नवे कुलूप लावणे. सुदैवाने येथे स्लॅब बरा निघाला. भिंतीची कल्पना मात्र त्याने तेथेच मोडून काढली.

मग दरपत्रके आली. पहिल्यात स्टेनलेस स्टीलचा कठडा ‘३०४ ग्रेड’ म्हणून फुटाच्या भावाने लिहिलेला होता, खांब पाच-पाच फुटांवर आणि जाडीचा उल्लेख नाही. दुसरे दरपत्रक किलोच्या भावाने होते. त्यात पाइपाचे गेज, खांबांमधील अंतर आणि बोल्टची लांबी लिहिलेली होती. एकूण रक्कम साहजिकच जास्त. धान्य किंवा सूत विकणाऱ्या माणसाला वजनाची भाषा शिकवावी लागत नाही, तरीही कठडा घेताना हीच मंडळी फुटाच्या भावाला भुलतात, हे आश्चर्य आहे. दोन इंची पाइप सोळा गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा असेल, तर त्याच्या दहा फुटी तुकड्याचे वजन जवळजवळ सहा किलो भरते. तोच पाइप अठरा गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा असेल, तर साडेचार किलो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि चमकही तीच असते. पाव हिस्सा माल कमी आलेला असतो आणि तो फक्त काट्यावर दिसतो. दुकानात काटा असतोच.

ग्रेडची गोष्ट थोडी अवघड आहे. ३०४ या पोलादात निकेल आठ ते साडेदहा टक्के असते. २०२ मध्ये ते चार ते सहा टक्क्यांवर आणून त्याची उणीव मँगेनीजने भरून काढलेली असते. नवे असताना दोहोंत डोळ्यांना फरक कळत नाही, पण दोन-तीन पावसाळ्यांनंतर २०२ वर तांबूस ठिपके उमटू लागतात. लोहचुंबक लावून खरे-खोटे ओळखता येते, अशी एक समजूत पेठेत फार रुजलेली आहे. ती खोटी आहे. दोन्ही प्रकारांना चुंबक जवळजवळ सारखाच चिकटत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग पाहण्याचे तपासणी-द्रव मिळते. व्यापाऱ्याकडून ते आपल्यासमोर टाकवून घ्यावे आणि बिलावर ग्रेड लिहून घ्यावी. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरील घरांना खारा वारा लागतो, तेथे मॉलिब्डेनम असलेले ३१६ घेणे इष्ट. घाटमाथ्यावरच्या गावांना त्याची आवश्यकता नाही. आणि खरे सांगायचे तर, ३०४ च्या नावाखाली २०२ घेण्यापेक्षा साध्या लोखंडाचा, जस्ताच्या टाकीत बुडवून गॅल्व्हनाइज केलेला आणि वरून रंगविलेला कठडा अधिक टिकाऊ आणि अधिक प्रामाणिक. दिखाऊपणा थोडा कमी, एवढेच. मात्र जस्त चढविल्यानंतर जागेवर वेल्डिंग केले, तर त्या सांध्यावरचे जस्त जळून जाते. तेथे जस्तयुक्त रंग लावला नाही, तर गंज नेमका तेथूनच आत शिरतो.

इंजिनिअरने दोन्ही दरपत्रकांत एक दुरुस्ती सुचविली. हात ठेवण्याचा वरचा पाइप सोळा गेजचा चालेल, पण खांब त्याच जाडीचे नकोत. एक मीटर अंतरावरच्या खांबावर ७५ किलोंचा रेटा आला, तर सोळा गेजचा दोन इंची पाइप बुडाशी वाकू शकतो. खांबांना ३ मिलिमीटर जाडी हवी. असा पाइप मीटरला साडेतीन किलोंच्या आसपास भरतो. खांब पाच फुटांऐवजी एक-एक मीटरवर घ्यायचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचा भार एक तृतीयांशाने उतरतो. खर्च वाढला तो या दोन ओळींनी. वरच्या चकाकीत पैसे घालण्याऐवजी ते खांबात आणि बुडात घातले गेले.

बुडासाठी त्याने फरशीवरून बोल्ट मारण्याची पद्धतच नाकारली. खांब स्लॅबच्या बाहेरच्या उभ्या कडेला, बाजूने पट्टी लावून धरावेत, असे ठरले. त्यामुळे बोल्ट थेट काँक्रीटमध्ये जातात, खांबाच्या बुडाशी पाणी साचत नाही आणि गॅलरीची रुंदीही तीन-चार इंच वाढते. अर्थात स्लॅबची कड पुरेशी जाड आणि धड असेल तरच हे करता येते, शिवाय भोक पाडताना आतली सळई चुकवावी लागते. बोल्ट काँक्रीटच्या काठाच्या फार जवळ आला, तर ताणाखाली काठच कपच्यासारखा निघतो; तो किती आत घ्यायचा हे बोल्टच्या कंपनीच्या तक्त्यात दिलेले असते. केमिकल अँकर वापरायचा झाल्यास भोकातील धूळ ब्रशने आणि हवेच्या फुंकणीने पूर्ण काढावी लागते. धुळीवर चिकटलेला मसाला धुळीलाच चिकटतो, भिंतीला नव्हे. हे पाच मिनिटांचे काम घाईत नेहमी गाळले जाते आणि नंतर ते कोणालाच दिसत नाही. म्हणून घरातल्या कोणीतरी त्या वेळी तेथे उभे राहावे. या घरात धाकटे चिरंजीव दोन दिवस दुकान सोडून उभे राहिले. वेल्डरला ते फारसे रुचले नाही.

उंचीचा हिशेब सर्वांना माहीत असतो, असे वाटते. पण तोही तपासण्यासारखा निघाला. बांधकामाच्या नियमांत कठडा तयार फरशीपासून एक मीटरपेक्षा कमी नसावा अशी अपेक्षा असते, आणि कमाल मर्यादा साधारण १.२ मीटर धरतात. या गॅलरीचा कठडा बसविला तेव्हा तीन फुटांचा होता. नंतरच्या टाइल्सनी तो दोन इंचांनी ठेंगणा केला. माणूस उंच झाला नाही, जमीन उंच झाली. उंच प्रौढाच्या शरीराचा तोल कमरेपाशी असतो आणि त्याच्या खाली येणारा कठडा त्याला अडवीत नाही, उलटवतो. अशा घरांत टाइल्स बदलल्यानंतर फूटपट्टी लावून एकदा पाहावे. गॅलरीत बसण्यासाठी कडाप्प्याचा कट्टा केला असेल, तर उंची त्या कट्ट्यापासून मोजावी, कारण मूल कट्ट्यावरच चढते.

मुलांचा विचार झाला तो घरातील दोन वर्षांच्या नातीमुळे. बाजारातील बहुतेक स्टीलच्या कठड्यांत तीन-चार आडवे पाइप असतात. ते दिसायला सुटसुटीत, वेल्डरला सोपे आणि मुलाला शिडीसारखे उपयोगी. उभे गज असतील तर मूल चढू शकत नाही. त्या दोन गजांमधील मोकळी जागा दहा सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, म्हणजे त्यातून लहान मुलाचे डोके किंवा धड जात नाही. खालचा गज आणि फरशी यांच्यामधील फटीलाही हाच नियम. फॅब्रिकेटरचे म्हणणे असे, की उभ्या गजांना वेल्डिंगचे सांधे वाढतात, मजुरी वाढते आणि हल्ली तशी फॅशनही नाही. सूनबाईंनी फॅशनवर वाद घातला नाही. त्यांनी फक्त विचारले, “तुमच्या घरी काय लावले आहे?” त्याच्या घरी उभे गज होते.

काचेचाही विषय निघाला, कारण नव्या फ्लॅटांतून तो सर्वत्र दिसतो. केवळ टफन केलेली काच फुटली की तिचे एकदम बारीक तुकडे होतात आणि कठड्याच्या जागी काहीच उरत नाही. दोन थरांमध्ये पातळ पडदा घालून केलेली लॅमिनेटेड काच फुटल्यावरही जागेवर राहते. काच हवीच असेल तर ती दुसरी घ्यावी, आणि वर हात धरायला पाइप असावा. पेठेतील धुळीत ती रोज पुसायची कोणी, हा प्रश्न निराळा.

गच्चीवर तर पुष्कळ घरांत कठडा म्हणून अर्ध्या विटेची बुटकी भिंत असते. तिच्या माथ्यावर पाइप बसवून उंची वाढविण्याची पद्धत आहे. पण विटेच्या माथ्यात मारलेला बोल्ट फक्त वरच्या दोन विटा धरतो. खांब स्लॅबपर्यंत किंवा मधल्या काँक्रीटच्या खांबापर्यंत नेल्याशिवाय त्या पाइपाला अर्थ नाही. भिंत स्लॅबला जेथे मिळते तेथे आडवी चीर दिसली, तर तिच्यावर टेकू नये. संक्रांतीला, विशेषतः येवल्यासारख्या पतंगप्रेमी गावांत, सारी नजर आकाशात आणि पाय मागे मागे सरकत असतात. त्या दिवशी ही भिंत एकटीच सावध असते. कपडे वाळविण्याची ताणलेली तार कठड्याच्या खांबाला बांधणे हीदेखील एक वाईट सवय आहे. ओल्या चादरींनी ती तार खांबाला रोज थोडे थोडे ओढत असते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी. इमारतीचे बाह्यरूप बदलते म्हणून काम अर्ध्यावर अडल्याची उदाहरणे आहेत.

नवा कठडा बसला. दुकानातला हुकाचा काटा दोरीने माथ्याला अडकवून खांब आतल्या बाजूला ओढून पाहण्यात आले. ही परीक्षा अपुरी होती, कारण आत ओढताना बोल्टांवर ताण येतो तो उलट्या बाजूने. बाहेरचा रेटा त्याने तपासला जात नाही. पण एक खांब इतरांपेक्षा जास्त लवला आणि त्याचा एक नट अर्धाच आवळलेला निघाला. तेवढ्यासाठी ती परीक्षा पुरेशी ठरली. बिलावर ग्रेड, खांबांची आणि पाइपाची जाडी, एकूण वजन, बोल्टचा प्रकार आणि लांबी हे सर्व लिहून घेतले. दहा टक्के रक्कम पहिला पाऊस होईपर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरले होते. कंत्राटी कामांत ही रीत जुनी आहे, घरच्या कामांत मात्र संकोचाने कोणी बोलत नाही.

राहिला प्रश्न गर्दीचा. इंजिनिअरने स्पष्ट सांगितले होते, की हा कठडा ७५ किलोंच्या हिशेबाने उभा आहे, २२५ च्या नव्हे, आणि गॅलरीचा स्लॅबही तीस माणसांसाठी घातलेला नाही. दाटीचा कठडा हवा असेल तर खांब आणि बोल्ट दुपटीपेक्षा अधिक घालावे लागतील आणि स्लॅबची कड तेवढे सोसणार नाही. पाहुण्यांना गॅलरीत येऊ नका असे सांगणे अण्णांना जड गेले. मिरवणूक पाहायला त्या घरी येण्याची काही कुटुंबांची रीत त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनची होती. शेवटी असे ठरले, की एका वेळी दहा जण वर, त्यांत मुले मोठ्यांच्या हाताला धरून. बाकीच्यांसाठी दुकानाच्या ओट्यावर सतरंजी आणि खुर्च्या. वरातीच्या दिवशी अण्णा स्वतः ओट्यावर बसले, म्हणून पाहुणेही तेथेच बसले. वरची गॅलरी अर्धी रिकामीच राहिली.

सूनबाईंनी त्यानंतर एकच सूचना मोलकरणीला देऊन ठेवली आहे. टाइल्स घासण्याचे ॲसिड गॅलरीत वापरायचे नाही. त्या ॲसिडच्या शिंतोड्यांनी आणि वाफेनेही स्टेनलेस स्टील काळवंडते आणि त्याला बारीक खड्डे पडतात. कठडा महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसायचा, आणि पावसाळा संपला की प्रत्येक नटाला पाना लावून पाहायचा.